बंदचा पंचनामा

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तथा अध्यक्ष, राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
मंत्रालय, मुंबई.

विषय : दुकानं बंद ठेवण्याच्या आदेशातच त्या बंदची भरपाई लिहून ठेवण्याबाबत.

महोदय,



हे पत्र मुख्यमंत्र्यांपेक्षा राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या अध्यक्षांना आहे. ही दोन्ही पदं एकाच व्यक्तीकडे असतात, हे बाजारपेठेत फारसं कुणाला ठाऊक नसतं. २०२० आणि २०२१ साली राज्यातली दुकानं ज्या आदेशांनी बंद झाली, ते १८९७चा साथरोग कायदा आणि २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या आधारे निघाले होते. यातल्या दुसऱ्या कायद्याने सरकारला काय काय करता येतं, यावर त्या दिवसांत पुष्कळ बोललं गेलं. तोच कायदा सरकारवर काय जबाबदारी टाकतो, हे मात्र कुणी वाचून दाखवलं नाही. ते काम मी करतो आहे.

मी चिपळुणात करसल्लागार आहे. बाजारपेठेतल्या दुकानदारांची विवरणपत्रं भरायची, त्यांच्या बँकांसाठी कागद तयार करायचे, हा माझा पोटापाण्याचा धंदा. कापडवाले, चपलांचे दुकानदार, भांडीवाले, स्टेशनरीवाले, घड्याळं दुरुस्त करणारे, लग्नपत्रिका छापणारे अशी सगळी मंडळी माझ्याकडे येतात. गल्ल्यात खडखडाट झाला की घरच्यांना कळायच्या आधी मला कळतं.

२२ जुलै २०२१च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं आणि माणसाच्या डोक्यावर गेलं. आपत्ती कशी दिसते ते त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले. भिंतीवरची ओल बघून, भिजलेल्या मालाचे ढीग बघून कागद रंगवले गेले. ३ ऑगस्टला सरकारने ११,५०० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यात दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये मिळतील असं ठरलं. टपरीवाल्याला जास्तीत जास्त १० हजार. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूर-सांगलीच्या महापुरानंतरही दुकानदारासाठी हाच आकडा होता. पन्नास हजारांत कपड्याच्या दुकानाचं एक कपाट भरत नाही. पण माझी तक्रार त्या रकमेबद्दल नाही. निदान कुणीतरी आलं, दारात उभं राहिलं, आणि ‘तुमचं नुकसान झालं आहे’ हे सरकारी कागदावर लिहून गेलं.

त्याच दुकानांचं त्याआधीच्या सव्वा वर्षात जे नुकसान झालं होतं, त्याचा पंचनामा करायला कुणीच आलं नाही. कारण ते पाण्याने झालं नव्हतं, आदेशाने झालं होतं.

एक गोष्ट स्पष्ट करतो. दुकानं बंद करायला नको होती, असं मी म्हणत नाही. साथ कशी पसरते आणि ती कशी थोपवायची, हे ठरवणं ज्यांचं काम आहे त्यांनी ते ठरवलं. आमच्या गल्लीतलीही माणसं गेली. माझा प्रश्न एवढाच, की बंद सगळ्यांच्या भल्यासाठी होता, तर त्याचं बिल एकट्या मुख्य बाजारपेठेच्या नावावर का फाडलं?

तेव्हाची आमची दिनदर्शिका सांगतो. कोकणातल्या तालुक्याच्या बाजाराचा धंदा वर्षभर सारखा चालत नाही. शिमगा, मग लग्नसराई आणि मे महिन्यातले चाकरमानी, मग शाळा आणि पावसाळ्याची खरेदी, मग गणपती, मग दिवाळी. मधले महिने हा बाजार भाडं आणि व्याज भरण्यापुरता जगतो. २०२० साली शिमगा उरकला आणि पंधरा दिवसांत, पाडव्याच्याच दिवशी, देश बंद झाला. लग्नसराई गेली, अक्षय तृतीया गेली, मे गेला. ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि दापोली-मंडणगडची छपरं घेऊन गेलं. त्या गावांतल्या माणसांनी पुढचे महिने पत्रे आणि ताडपत्री याशिवाय काही विकत घेतलं नाही. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना ई-पास आणि विलगीकरण लागलं. जे आले ते घरात बसले. दिवाळी थोडी बरी गेली. त्या भरवशावर दुकानदारांनी पुन्हा माल भरला. ५ एप्रिल २०२१ला पुन्हा बंद, आणि पुन्हा तोंडावर पाडवा. मेच्या मध्यात तौक्ते वादळ. जूनमध्ये बाधितांचं प्रमाण आणि ऑक्सिजनच्या खाटा यांवर पाच स्तर ठरले, त्यात रत्नागिरी जिल्हा कडक बाजूला राहिला. आणि जुलैत पूर. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, इथे तेरावा, चौदावा आणि पंधरावा असे ओळीने आले.

तपशील एकच सांगतो. २ ऑगस्ट २०२१ला राज्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांना सवलत मिळाली आणि दुकानं रात्री आठपर्यंत उघडी ठेवता येऊ लागली. अकरा जिल्ह्यांत मात्र तिसरा स्तर कायम राहिला, म्हणजे अत्यावश्यक नसलेलं दुकान दुपारी चारपर्यंतच. त्या अकरांत रत्नागिरी होता. दुकानातून फावड्याने चिखल काढणाऱ्या माणसाला चारची वेळ सांगायला अर्थातच कुणी आलं नाही. पण कागदावर चिपळूणची बाजारपेठ तेव्हा पूरग्रस्तही होती आणि निर्बंधग्रस्तही. भरपाई मिळाली ती पहिल्यासाठी.

आता ‘नुकसान’ म्हणजे काय ते सांगतो, कारण बंदमध्ये फक्त विक्री थांबते असा मंत्रालयात समज दिसतो. विक्री थांबली तर माल तरी शिल्लक आहेच की, असा त्यामागचा हिशोब.

कापडाच्या दुकानाची गोष्ट घ्या. तालुक्याच्या गावात कापडवाला सुट्या गिऱ्हाइकावर जगत नाही, बस्त्यावर जगतो. लग्न ठरलेलं घर सकाळीच येतं. मावश्या, आत्या, दोन्हीकडचे कारभारी, एखादं रडणारं पोर, सगळे गादीवर मांडी ठोकून बसतात. शालू आधी, मग मानपानाच्या साड्या, मग टॉवेल-टोप्या, मग ‘अजून एक कमी पडते हो, नणंदेच्या जावेची’ म्हणून पुन्हा पहिल्यापासून. चहा तीनदा होतो, भाव चारदा. संध्याकाळी गाठोडी रिक्षात चढतात तेव्हा दुकानदाराचा अनेक दिवसांचा धंदा झालेला असतो. त्यासाठीचा माल तो जानेवारी-फेब्रुवारीत सुरतेहून, इचलकरंजीहून, मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटातून उचलून ठेवतो, बहुतेक उधारीवर. एप्रिल २०२१च्या अखेरीस लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मुभा राहिली. पंचवीस माणसांच्या लग्नात मानपान कुणाचा करणार? माल कपाटात राहिला. पुढच्या वर्षी विकता येईल म्हणावं, तर पुढच्या वर्षी साडीचा काठ बदललेला असतो.

हे झालं फॅशनचं. आता हवेचं. कोकणातलं बंद दुकान पावसाळ्यात कसं होतं, ते ज्याने शटर उघडलं त्यालाच ठाऊक. आधी वास येतो. चामड्याच्या चपलांवर बुरशीची पांढरी लव चढलेली असते. चिकटवलेले सोल सुटतात. अंतर्वस्त्रांचं इलॅस्टिक ओढलं की परत येत नाही. पांढऱ्या शर्टांच्या घडीवर पिवळी रेघ उमटते, ती धुऊन जात नाही. रेशमाला कसर, लाकडी मांडणीला वाळवी, वह्यांच्या गठ्ठ्याला उंदीर. घड्याळातल्या बॅटऱ्या गळून आतलं यंत्र खातात. गणवेशाच्या दुकानदाराचं दुखणं आणखी वेगळं. शाळाच भरेनात, तेव्हा गणवेश कोण घेणार? आणि वर्षभराने मुलं वाढली, त्यांचं माप पुढे गेलं, लहान मापांचे गठ्ठे तसेच. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे तारखा छापून तयार असलेल्या पत्रिका होत्या. त्यांची रद्दीही धड जात नाही, कागद जाड असतो.

पूर आला असता तर या सगळ्याचा पंचनामा झाला असता. ओलीने, कसरीने आणि कॅलेंडरने खाल्लेल्या मालाचा झाला नाही.

मग खर्च. दुकान बंद असलं तरी गाळ्याचं भाडं चालू. मालक भला असेल तर थांबतो, पण थांबतो म्हणजे सोडत नाही. वीज नियामक आयोगाने मार्च २०२०च्या अखेरीस व्यापारी ग्राहकांचा स्थिर आकार तीन बिलांपुरता पुढे ढकलला. पुढे ढकलला, माफ केला नाही. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते आणि कॅश क्रेडिटचं व्याज ऑगस्टअखेरपर्यंत थांबवायची मुभा दिली. त्या काळात व्याज साचत राहिलं आणि साचलेल्या व्याजाचंच वेगळं कर्ज करून ते मार्च २०२१पर्यंत फेडायचं ठरलं. केंद्राने तारणाशिवाय जादा कर्ज देऊ केलं, ते २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढं कर्ज शिल्लक होतं त्याच्या वीस टक्के. ज्याने जन्मभर बँकेचं कर्ज काढलं नाही, त्याचे वीस टक्के शून्य. आमच्या बाजारपेठेत अशी जुनी माणसं अजून आहेत. बिनकर्जाचं दुकान ही त्यांची प्रतिष्ठा होती, आणि त्या प्रतिष्ठेचीच त्यांना शिक्षा झाली.

कॅश क्रेडिटची एक खोच सांगतो, कारण ती बाहेरच्याला दिसत नाही. या कर्जाची मर्यादा दुकानदार दर महिन्याला देतो त्या स्टॉक स्टेटमेंटवर ठरते. माल किती आणि येणी किती, यावर पैसे उचलायची ताकद. येणं ठरावीक मुदतीपेक्षा जुनं झालं की बँक ते धरत नाही. बंदमध्ये गावाकडची उधारी वसूल होत नाही, ती जुनी होत जाते, आणि नेमकी पैशाची गरज असते तेव्हाच मर्यादा आकसते. कुणाची चूक नाही. नियम उघड्या दुकानासाठी लिहिलेला आहे, इतकंच.

केंद्रीय गृहखात्याचा २९ मार्च २०२०चा आदेश आठवत असेल. सर्व आस्थापनांनी, अगदी दुकानांनीही, बंदच्या काळात कामगारांचा पगार कपात न करता द्यावा. योग्यच होतं ते. काउंटरवरच्या मुलांनी काय खायचं? त्याच आदेशात घरमालकांनी कामगारांकडे महिनाभर भाडं मागू नये असंही होतं. दुकानदाराच्या गाळ्याच्या भाड्याबद्दल अक्षर नव्हतं. तो आदेश पुढे मे महिन्यात मागे घेतला गेला, पण दुकानदाराच्या बाबतीत सरकार कसा विचार करतं याचा तो नमुना आहे. देताना तो मालक, घेताना तो कुणीच नाही.

राज्याचंही तेच झालं. १३ एप्रिल २०२१च्या रात्री ५,४७६ कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. बांधकाम कामगार, नोंदणीकृत फेरीवाले, रिक्षावाले यांना दीड-दीड हजार, आदिवासी कुटुंबांना दोन हजार. यातल्या एकाचंही नाव खोडावं असं मला म्हणायचं नाही. पण त्या यादीत शटर असलेला माणूस नव्हता. शटर आहे म्हणजे पैसा आहे, अशी समजूत. केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या व्याख्येतूनही किरकोळ व्यापारी २०१७ साली बाहेर काढला होता. तो परत आत आला २ जुलै २०२१ला, तोही केवळ बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरता. म्हणजे ज्या सव्वा वर्षात सर्वांत जास्त गरज होती, त्या सव्वा वर्षात तो ना उद्योजक होता ना गरीब. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

शिवाय बंदची खबर कशी मिळाली तेही बघा. ४ एप्रिल २०२१, रविवार. बातमी आली ती रात्रीच्या संचारबंदीची आणि शनिवार-रविवारच्या कडक बंदची. व्यापाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, चला, सोमवार ते शुक्रवार धंदा आहे. आदेशाचा कागद हातात आला तेव्हा कळलं, की अत्यावश्यक नसलेली दुकानं सातही दिवस महिनाअखेरीपर्यंत बंद. पुण्यापासून नागपूरपर्यंत व्यापारी रस्त्यावर उतरले ते केवळ बंदमुळे नव्हे, या फसगतीमुळे. पाडव्याचा माल आठवड्यापूर्वीच दुकानात आला होता.

ई-कॉमर्सबद्दल थोडक्यात. मे २०२०च्या उत्तरार्धात मोठ्या शहरांच्या रेड झोनमध्येही त्या कंपन्यांना अत्यावश्यक नसलेल्या वस्तू घरपोच द्यायची मुभा मिळाली. तिथल्या बाजारपेठा ५ जूनपासून सुरू झाल्या, तेही पी-१, पी-२ करून, एक दिवस रस्त्याची ही बाजू, दुसऱ्या दिवशी ती. ट्रायल रूम बंद, घेतलेला कपडा बदलून देणं बंद. आणि मोबाइलवरून मागवलेला शर्ट मात्र घरी घालून बघता येत होता, परतही करता येत होता. मुख्य रस्त्यावरच्या दुकानाचं बळ काय, तर हात लावून बघा, घालून बघा, नाही जमलं तर बदलून घ्या. तेच काढून घेतलं. त्या महिन्यांत लागलेली सवय पुढे सुटली नाही, हे मी पुढच्या विवरणपत्रांत दर तिमाहीला पाहिलं.

आता मूळ मुद्दा. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ६५ वाचा. आपत्तीत बचावासाठी सरकारला एखादी जागा किंवा वाहन हवं असेल तर ते ताब्यात घेता येतं. आणि लगेच पुढचं कलम ६६ : असं घेतलं तर मोबदला दिलाच पाहिजे. तो कसा ठरवायचा तेही लिहून ठेवलं आहे. त्या जागेचं भाडं बघा, भाड्याची नसेल तर त्या भागातल्या तशाच जागेचं भाडं बघा, आणि त्यामुळे धंद्याची जागा बदलावी लागली तर त्याचा वाजवी खर्चही द्या. म्हणजे सरकारने माझ्या अशिलाचा गाळा लसीच्या खोक्यांसाठी दोन महिने घेतला असता, तर त्याला दोन महिन्यांचं भाडं मिळालं असतं. सरकारने तोच गाळा दोन महिने बंद ठेवला, तर त्याला भाडं स्वतःच्या खिशातून भरावं लागलं. दोन्हीकडे उद्देश एकच, लोकांचे प्राण वाचवणं. दोन्हीकडे दुकानदाराचा उपयोग लोकांसाठी केला गेला. फरक एवढाच, की पहिल्याचा विचार २००५ साली कायदा करणाऱ्यांना सुचला आणि दुसऱ्याचा सुचला नाही. त्सुनामीनंतर झालेला कायदा तो. महिनोन्महिने देशभर शटर खाली ओढायची वेळ येईल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आणखी एक कलम आहे, बारावं. आपत्तीग्रस्तांना किमान मदत काय असावी याची मार्गदर्शक तत्त्वं राष्ट्रीय प्राधिकरणाने आखावीत, असं ते सांगतं. त्यातल्या तिसऱ्या पोटकलमात मृत्यूबद्दल सानुग्रह मदत, घराच्या नुकसानीबद्दल मदत आणि उपजीविकेची साधनं पूर्ववत करण्यासाठी मदत, हे एका दमात आलं आहे. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कोविडमध्ये गेलेल्यांच्या वारसांच्या प्रकरणात, हे कलम ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे, असा निवाडा दिला. त्यातून वारसांना मदत मिळाली. त्याच वाक्यातला उपजीविकेचा तुकडा मात्र तसाच पडून आहे. आणि कलम १९ प्रमाणे राज्यात मदतीचे निकष ठरवणं हे राज्य प्राधिकरणाचं काम आहे, राष्ट्रीय किमान मर्यादेपेक्षा कमी नकोत, जास्त चालतील. म्हणजे महोदय, यासाठी दिल्लीकडे बघायची गरज नाही. पेन आपल्याच हातात आहे.

अधिकारी विचारतील, नुकसान मोजणार कसं? पाण्याची रेघ भिंतीवर दिसते, बंदची कुठे दिसते?

दिसते. विजेच्या मीटरवर दिसते. दुकान किती महिने बंद होतं हे महावितरणच्या बिलावरच्या युनिटांइतकं खणखणीत कुणी सांगू शकत नाही, आणि ते आकडे आधीच सरकारी कंपनीच्या संगणकात आहेत. विक्रीचं म्हणाल, तर जीएसटीत नोंदलेल्या प्रत्येक दुकानाची दर महिन्याची किंवा तिमाहीची विक्री पोर्टलवर आहे. मागच्या वर्षीचा एप्रिल आणि या वर्षीचा एप्रिल शेजारी ठेवा. तलाठ्याला चिखलात पाठवायची गरज नाही. वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आतली असल्यामुळे ज्याची जीएसटी नोंदणीच नाही, त्याची दुकाने अधिनियमाखालची पावती आहे, नगरपरिषदेची करपावती आहे. आणि खोटं सांगणाऱ्याची चिंता असेल, तर भरपाई विक्रीवर देऊच नका. फक्त भाड्यावर द्या, कलम ६६च्या धर्तीवर. भाडं निम्मं सरकारने उचलावं, पाव मालकाने सोडावं, पाव दुकानदाराने भरावं. हे माझं गणित आहे, आपले सचिव याहून चांगलं काढतील. गणित आदेशाच्या आधी ठरलेलं असावं, एवढाच आग्रह. बंद झाल्यावर मदत शोधायला बसलं की ती वरातीमागून घोडं.

सुरुवात घरापासून करता येईल. राज्यातल्या कितीतरी व्यापारी संकुलांची मालक खुद्द नगरपरिषद किंवा महापालिका आहे. आपल्याच आदेशाने बंद असलेल्या गाळ्याचं भाडं आपणच मागायचं, यात काही तरी विचित्र आहे, हे सांगायला वकील लागत नाही. तेवढे दिवस ते आपोआप माफ, असं आदेशातच लिहा.

पैसा कुठून, हाही प्रश्न येईल. ब्रिटनने २०२०-२१ या वर्षात दुकानांवरचा मालमत्ताकर माफ केला आणि छोट्या व्यवसायांना दहा हजार पौंडांची मदत दिली. ते श्रीमंत राष्ट्र, त्यांचं सोडा. आपल्याकडे व्यवसाय कर आहे. बहुतेक नोंदणीकृत दुकानदार वर्षाला अडीच हजार रुपये तो भरतो, आणि का भरतो हे विसरून गेला आहे. १९७५ सालचा तो कायदा रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून झाला. बहात्तरच्या दुष्काळाने महाराष्ट्राला शिकवलं, की संकट यायच्या आधी हमी लिहून ठेवावी लागते. त्या हमीसाठी बाजारपेठेने कर भरला आणि कुरकुर फार केली नाही. आता त्याच करातला एक छोटा हिस्सा दरवर्षी वेगळा काढून बंदच्या भाड्यासाठी ठेवला, तर दुकानदार स्वतःच्याच पैशातून स्वतःची सोय करेल. कुणावर उपकार नाहीत. विम्याने हे होणार नाही. दुकानाच्या पॉलिसीत आग बसते, पूर बसतो. सरकारी हुकूम बसत नाही.

दोन गोष्टी केंद्राच्या अखत्यारीतल्या आहेत, पण त्यातल्या पहिलीबद्दल जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचा आवाज मोठा आहे. खरेदीच्या बिलाचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत, तर त्यावर घेतलेलं कराचं क्रेडिट परत करावं लागतं. आणि गेल्या काही वर्षांत प्राप्तिकरातही नवी तरतूद आली, की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर पैसे देईपर्यंत तो खर्चच धरला जात नाही. विकणाऱ्या छोट्या कारखानदाराच्या हिताचाच नियम आहे तो. पण पुढच्या वेळी शटर तीन महिने बंद राहिलं, तर विक्री शून्य असलेल्या दुकानदाराला न विकलेल्या मालावर कर भरावा लागेल, असा त्याचा अर्थ. बंदचे दिवस या मोजणीतून वगळावेत, ही मागणी आत्ताच नोंदवून ठेवा.

आणि एक अगदी फुकट होण्यासारखी गोष्ट. पुढचा बंद कशाचाही असो, साथीचा, पुराचा, वा रस्ता खणून ठेवल्याचा, आठवड्यातून एक तास दुकानदाराला आत जाऊ द्या. विकायला नव्हे. पंखा लावायला, कपाटं उघडायला, चपला उन्हात काढायला, उंदरांचा बंदोबस्त करायला. बंदच्या काळात यासाठी लोकांनी नाक्यावर हातापाया पडून बघितलं. तो एक तास मिळाला असता तर कितीतरी माल वाचला असता. सरकारी तिजोरीतून यासाठी एक रुपया जात नाही.

‘साथ आली यात सरकारचा काय दोष?’ असं कुणी म्हणेल. पुरात तरी सरकारचा काय दोष असतो? (चिपळुणात या वाक्यावर भांडण होईल. कोयनेचं अवजल आणि वाशिष्ठीतला गाळ यांवर इथे प्रत्येकाचं ठाम मत आहे, आणि गाळ उपसायला सुरुवात व्हावी म्हणून लोकांना साखळी उपोषणाला बसावं लागलं होतं. तो विषय वेगळ्या पत्राचा.) दोष नसतानाही सरकार पुराची मदत देतं, कारण एकट्याने सोसण्याच्या पलीकडचं ते असतं. बंद तर निसर्गाने नाही, सरकारने विचारपूर्वक केलेला असतो. मग तिथे जबाबदारी कमी कशी होते?

प्राधिकरणाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, एवढी विनंती. सध्या साथ नाही, घाई नाही, टीव्हीचे कॅमेरे नाहीत. मसुदा शांतपणे लिहून होईल. राज्यातल्या कोणत्याही तालुक्यातला करसल्लागार त्यासाठी आकडे काढून देईल, मानधन न घेता. फक्त विसाव्या तारखेपर्यंत आम्ही जीएसटीच्या विवरणपत्रांत गळ्यापर्यंत बुडालेले असतो. एकविसाव्या तारखेपासून कधीही बोलवा.

आपला,
बाजारपेठेतला एक करसल्लागार,
चिपळूण, जि. रत्नागिरी